इथले आठ, तिकडचे साडेसात

बत्तीस वर्षं मी पोरांना भूगोल शिकवला. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, हे वाक्य इतक्या वेळा घोकून घेतलं की माझ्या हाताखालून गेलेला माणूस आजही झोपेतून उठवला तरी ते धडाधडा म्हणून दाखवेल. त्यातले निम्मे मुंबईला गेले, काही गावातच भात लावतात, आणि सदू नावाचा एक पोलादपूरच्या एसटी स्टँडवर फोनचं बूथ चालवतो. यांच्यापैकी एकाचंही रेखांशावाचून काही अडलं नाही. अडलं ते माझं.

मी श्रीपत. पोलादपूरजवळच्या कापडे गावच्या बौद्धवाडीत राहतो. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, सगळ्यांचा मी मास्तर. बायको येसू दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक मुलगी दीप्ती. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत तिचं लग्न झालं आणि मेच्या अखेरीस ती नवऱ्यामागे अमेरिकेला गेली. नवरा सुहास महाडचा, शेतकी शिकलेला. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीचं खोरं आहे, तिथे भाताच्या बियाण्याच्या एका मोठ्या फार्मवर तो नोकरीला. वाडीत सगळे म्हणत, "मास्तरांची पोरगी अमेरिकेला गेली." मी म्हणायचो, अरे, भाताच्या गावातून भाताच्याच गावाला गेली, त्यात एवढं काय? हे मी लोकांना सांगत होतो की स्वतःला, ते सोडून द्या.

घरी फोन नव्हता. म्हणून असं ठरलं की दर रविवारी सकाळी आठला तिनं सदूच्या बूथवर फोन करायचा. मी सातच्या एसटीनं पोलादपूरला यायचो, फोन घ्यायचो आणि आठ-पन्नासच्या एसटीनं परत जायचो. पहिल्याच फोनला ती म्हणाली, "आप्पा, इथे शनिवारची संध्याकाळ. साडेसात झालेत, सुहास आत्ताच शेतावरून आला."

मी बोटांवर हिशेब करायला लागलो, कारण माझ्या गणितानं तिच्याकडे साडेसहा वाजायला हवे होते. आपली वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्वेवरून धरतात, त्यांची एकशे वीस पश्चिमेवरून. अंतर साडेतेरा तासांचं. पण दीप्ती म्हणत होती साडेसात, म्हणजे फरक साडेबाराच तासांचा. मधला एक तास गेला कुठे?

हे मी तिला विचारायला हवं होतं. पण सातवीच्या वर्गात तिला मीच रेखांश शिकवले होते, आणि एका उत्तराला हातावर छडीही दिली होती. आता तिलाच विचारू, की बाई गं, तुझ्याकडे साडेसात कसे? मास्तरकी रक्तात गेली की हे असं होतं. घरी येऊन मी नकाशाचं पुस्तक उघडलं, त्या भागाजवळचा एकशे वीसचा आकडा पेन्सिलीनं खोडला आणि एकशे पाच केला. आकडा बदलल्यावर गणित चोख जमलं. त्या भागातले लोक दुसऱ्या रेषेवरून वेळ धरत असतील, असं मी स्वतःला पटवलं. पडवीत शाळेतला एक जुना फळा होता, त्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथले ८ = तिकडचे ७॥.

त्या फळ्यावर मी पाच महिने जगलो म्हटलं तरी चालेल. दुपारी साडेबाराला मी ताटावर बसायचो, तेव्हा तिच्याकडे बरोबर मध्यरात्र. पहिला घास घेताना मी मनात म्हणायचो, झोप आता. संध्याकाळी साडेसहाला दिवा लावताना म्हणायचो, ऊठ गो, सहा वाजले. एकट्या माणसाला बोलायला काहीतरी लागतं. भिंतीशी बोललं तर लोक वेडा म्हणतात. फळ्याशी बोललं तर म्हणतात, मास्तर आहे, सवय आहे.

पंधरा दिवसांनी तिचं पत्र यायचं. तिकडे भात पेरतात विमानातून. आधी खाचरं पाण्यानं भरायची, मग विमान वरून भिजवलेलं बी टाकत जातं. ना पालापाचोळा जाळून रोपांसाठी राब भाजायचा, ना रोपं उपटायची, ना लावणी. एकेक खाचर आपल्या सबंध वाडीच्या शेतांएवढं, आणि जमीन इतकी सपाट की पाणी जागचं हलत नाही. कापणी एका यंत्राची, यंत्रात एक माणूस बसलेला, आणि तोही कानाला काहीतरी लावून गाणी ऐकत असलेला. तिनं लिहिलं होतं, "आप्पा, मी मैलभर बांधावरून चालले. एक माणूस भेटला नाही. ओरडून पाहिलं, तर माझी मलाच लाज वाटली."

मी तिला आमचं कळवायचो. राब भाजला, पेरणी झाली, लावणीला चौदा माणसं होती आणि त्यांतली आवडी दिवसभर एवढी बोलली की बैलसुद्धा वैतागले. फोनवर मात्र मी हे काही बोलत नसे. फोनवर मी तिची परीक्षाच घ्यायचो. पाणी किती इंच ठेवतात? ओंबी कधी धरली? एकरी उतारा किती? ती उत्तरं द्यायची. मधेच म्हणायची, "आप्पा, मागे गाडी कुठली लागली? चिपळूण का?" मी म्हणायचो, "गाडी कुठलीही लागू दे. मुद्द्याचं बोल."

भात तयार व्हायला आलं की दोन्हीकडची कापणी थोड्याफार फरकानं येते, हे मला फार आवडलं होतं. त्यांची आधी, आमची नंतर. ऑक्टोबरच्या पंचवीस तारखेला, रविवारी, मी बूथवर पोचलो तेव्हा माझ्या अंगाला कापलेल्या भाताची खाज होती. फोन आठला आला. तिचा आवाज वेगळा होता.

"आप्पा, इथे या. सहा महिने तरी. कापणी झाली, आता इथे सगळं सुनं असतं. फार्मच्या घरात एका पाहुण्याला राहायची परवानगी मिळते. मालक आमंत्रणाचं पत्र देणार आहेत, त्यावर एकच नाव घालायचं. मी तुमचं घालू?"

"बघतो."

"बघतो नको. पुढच्या रविवारी हो की नाही सांगा. पुढे थांबता येणार नाही. आणि आप्पा, पुढच्या रविवारी..."

"बस लागली माझी. ठेवतो," असं म्हणून मी फोन ठेवला. बस लागायला अजून अर्धा तास होता. खरं सांगायचं तर डोळे पुसायचे होते आणि सदू बघत होता.

तो आठवडा मी वेगळाच माणूस होतो. भागोजी माझ्याबरोबर माझे पंधरा गुंठे करतो, वयानं माझ्याएवढाच आहे. त्याला म्हटलं, "मी गेलो तर घराकडं बघशील? येसूच्या फोटोपुढं रोज दिवा लावशील?"

"लावीन की," भागोजी म्हणाला. "पन मास्तर, तिकडं इमानातनं भात पेरतात ना? तुमी खाली हुबं राहू नका. टकलावर रोप उगवंल."

महाडला जाऊन मी स्वेटर आणला. राखाडी, बटणांचा. घरी कोंडून घेऊन तो घालून पाहिला आणि घामाघूम झालो. ट्रंक काढली, पुसली. दीप्तीला कसं सांगायचं हेही ठरवलं. आधी तिला एकरी उतारा विचारायचा, तिनं वैतागून 'आप्पा!' म्हटलं की सावकाश म्हणायचं, बरं, घाल माझं नाव. तिला थोडं तंगवायचं आणि मग हसवायचं. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात एवढा बेत मी लग्नाच्या वेळीसुद्धा केला नव्हता.

एक नोव्हेंबरला मी साडेसातलाच बूथवर हजर. आठ वाजले. सवाआठ झाले. फोन गप्प.

"लाइन लागत नसंल," सदू म्हणाला.

"मागे एकवीस वेळा लागली ती आज लागत नाही?"

"मास्तर, येवडा हिशेब ठेवलात?"

साडेआठला मी उभा राहिलो. पावणेनऊला माझं डोकं फिरलं. मला राग फार लवकर येतो, आणि आला की तो मला फार शहाणा वाटतो. त्या रागानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. पोरीनं वरवर विचारलं होतं. म्हाताऱ्याला विचारायला हवं म्हणून विचारलं. तो 'बघतो' म्हणाल्यावर तिचा जीव भांड्यात पडला असणार. आता आज काय बोलायचं म्हणून फोनच केला नाही. आणि आपण गाढवासारखे स्वेटर घेऊन बसलो.

कापड्याची गाडी लागली. कंडक्टरनं घंटा मारली.

"सदू," मी म्हणालो, "फोन आलाच, तर सांग, मास्तरांचा नकार आहे. यायला जमणार नाही म्हणावं. एवढंच सांग."

"मास्तर, जरा थांबा की."

"आठ म्हणजे आठ," मी म्हणालो आणि गाडीत चढलो.

बुधवारी टपाल आलं. पाकीट तिचं, शिक्का बारा ऑक्टोबरचा. दिवाळीच्या गर्दीत कुठेतरी अडकून पडलेलं. शेतात उभ्या उभ्याच फोडलं. भागोजी भारे बांधत होता.

"आप्पा, हे पत्र वेळेत पोचेल अशी आशा आहे, तरी फोनवर पुन्हा सांगेनच. इथे उन्हाळ्यात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणजे संध्याकाळी उजेड जास्त मिळतो. पंचवीस ऑक्टोबरच्या पहाटे ती परत मागे करणार. त्यामुळे एक नोव्हेंबरपासून माझा साडेसातचा फोन तुमच्याकडे आठला न येता नऊला येईल. तुम्ही वेळेचे पक्के. आठला नाही आला म्हणून रागावून निघून जाऊ नका. मी तुम्हाला ओळखते. आणि एक सांगू का? तुम्ही फोनवर पीकपाणी विचारता ना, तेव्हा मी निम्मं तुमचं ऐकते आणि निम्मं स्टँड ऐकते. तो माणूस गाड्या पुकारतो, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं, पोरं रडतात. इथे एवढं सगळं आहे, पण माणसांचा आवाज नाही. तुम्ही आलात तर बरं होईल. तुमच्यासाठी म्हणून म्हणत नाही. माझ्यासाठी या."

"काय झालं मास्तर?" भागोजीनं विचारलं.

"काही नाही. एक तास सापडला."

त्याला काय कळणार? सूर्याच्या वेळेत हात घालून सबंध देश घड्याळाचे काटे फिरवतो, हे बत्तीस वर्षांत मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. पण पुस्तकाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. जूनमध्येच तो तास माझ्यापुढे उभा राहिला होता आणि मी त्याला पेन्सिलीनं खोडला होता. मुलीला एक साधा प्रश्न विचारला असता, तर मिनिटभरात सगळं कळलं असतं. गेले दहा दिवस मी दुपारी तिला झोप म्हणत होतो तेव्हा तिकडे अकराच वाजत होते, आणि ऊठ म्हणत होतो तेव्हा पहाटेचे पाच.

गुरुवारी सकाळी मी पोलादपूर गाठलं.

"नऊच्या ठोक्याला आलावता फोन," सदू म्हणाला. "तुमची गाडी धा मिनटं झाली जाऊन. मी तुमी सांगितलंत तेवडंच सांगितलं."

"ती काय म्हणाली?"

"बरं म्हनली. दोनदा म्हनली. बरं, बरं."

मी त्याच्याकडून तिचा नंबर लावून घेतला. तिच्याकडे बुधवारची रात्र होती, साडेआठ. चार वेळा वाजून पलीकडे सुहासचा आवाज इंग्रजीत बोलायला लागला. मी "सुहास, अहो सुहास" करत राहिलो, तर तो आपला बोलतच राहिला. मग एक शिटी वाजली आणि सगळं गप्प. सदूनं सांगितलं, ते यंत्र हाय, आता बोला, तुमचं भरून ठेवतं. मी तोंड उघडलं. वर्गात साठ पोरांपुढे मी कधी अडखळलो नाही, पण त्या गप्प यंत्रापुढे मला एक शब्द सुचला नाही. फोन ठेवला. तासाभरानं परत लावला, परत तेच.

आठ तारखेच्या रविवारी सातच्या गाडीनं आलो. आठ वाजले, नऊ वाजले. नऊला मी फोनच्या इतका जवळ उभा होतो की सदूला गिऱ्हाइकांकडून पैसे घेता येईनात. दहा वाजले. फोन आला नाही. या खेपेला मला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान सोबत झाली असती.

साडेबाराची गाडी आली नि गेली. सदू म्हणाला, "मास्तर, घरी जावा. भात पडलंय तुमचं." मी मान हलवली आणि बाकावर बसून राहिलो. त्यानं वडापाव आणून दिला, चहा दिला. स्टँडवर मी आयुष्यभर येत-जात आलो, पण दिवसभर कधी बसलो नव्हतो. महाबळेश्वरची गाडी घाट चढायला निघते तेव्हा इंजिन कसं कण्हतं ते ऐकलं. मुंबईची गाडी लागली की बायका पोरांच्या नावानं कशा ओरडतात ते ऐकलं. दीप्ती ऐकते ते हेच, असं म्हणून लक्ष देऊन ऐकलं.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. सदूनं उचलला.

"हां ताई. हां. ठेवतो की. नाय, गर्दी हाय आज, चांगलं ऐकू येईल."

एवढं बोलून त्यानं रिसीव्हर खिडकीच्या फळीवर ठेवला, तोंड स्टँडकडे करून, आणि परत आपल्या कामाला लागला.

"कोण आहे?" मी विचारलं.

सदूनं मान खाली घातली. "तुमची दीप्ती. नवं नाय मास्तर, पावसाळ्यापासनं करते. पहाटंची झोप लागत नाय म्हनं तिला. कोनाशी बोलायचं नाय, फोन जरा बाहेर धरा म्हनते. तुमाला सांगू नका म्हनालीवती. मास्तर कासावीस होतील म्हनं."

मी रिसीव्हर उचलला.

"दीप्ती."

"आप्पा? तुम्ही आत्ता तिथे कसे?"

"सकाळपासून आहे."

"मला वाटलं तुम्ही येणार नाही. काल फोनपाशी बसून राहिले, पण लावला नाही. वाटलं, तुम्ही परत नाही म्हणाल आणि मला परत ऐकायला लागेल."

"तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी आठलाच... मला तो तास माहीत नव्हता गो." आयुष्यात पहिल्यांदा मी मुलीपुढे म्हणालो की मला माहीत नाही. "मी हो म्हणणार होतो. स्वेटर घेतलाय."

ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं, मुद्द्याचं बोल म्हटलं नाही.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "मंगळवारी सुहासनं त्याच्या आईंना विचारलं. त्या लगेच तयार झाल्या. बुधवारी त्यांच्या नावानं पत्र गेलं. एकच नाव घालायचं होतं."

सुहासची आई सुंदराबाई. महाडला एकटीच असते. तिलाही एकच मुलगा. तिचं वाईट वाटून घ्यावं असं त्यात काही नव्हतं.

"चांगलं झालं," मी म्हणालो. "त्यांनाही सोबत हवीच."

"पुढच्या वर्षी तुम्ही या. नक्की या."

"येतो. स्वेटर काही कुजत नाही." मग मी तिला विचारलं, "तुझ्याकडं किती वाजलेत गो?"

"साडेचार. पहाटेचे. बाहेर अंधार आहे. खाचरांत पाणी सोडलंय, त्यात बदकं उतरलीत हजारांनी. तीच ओरडतात."

"झोप लागत नाही?"

"नाही." ती म्हणाली, "आप्पा, काही बोलू नका आता. फोन जरा बाहेर धरा ना."

मी फोनची वायर पुरेल तेवढा हात खिडकीतून बाहेर काढला. कंट्रोलरनं महाडची गाडी पुकारली. कुणी बाई "ए सुमन, पिशवी घे गो" म्हणून ओरडली. कंडक्टर हसला, दार आपटलं, गाडी मागे घ्यायला कुणीतरी थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या" करत राहिलं. मी रिसीव्हर गाड्यांच्या दिशेनं वळवत होतो, जिथे आवाज जास्त तिकडे.

माझ्या कानापाशी रिसीव्हर नव्हता, त्यामुळे ती अजून ऐकतेय की तिनं ठेवला, हे मला कळायला मार्ग नव्हता. कानाला लावून पाहावं, तर तेवढ्यात तिची एखादी गाडी चुकायची. सदूनं एकदा "मास्तर" म्हणून हाक मारली. मी मान हलवली. हात भरून आला तेव्हा तो दुसऱ्या हातानं धरला आणि तसाच उभा राहिलो, शेवटची कापड्याची गाडी पुकारेपर्यंत.